काळा रंग उडत नाही

जुलैच्या भर पावसात सांताक्रूझमधल्या कुठल्याही सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये डोकावून पाहा. पंधरा-वीस वर्षं जुन्या मोटरसायकलीसुद्धा तेव्हा काळ्याभोर दिसतात. मागचं मडगार्ड, आरशांच्या पाठी, इंडिकेटरच्या दांड्या, हँडलवरच्या स्विचांची घरं, चेन कव्हर, सगळं. पाऊस थांबून वारा सुटला की अर्ध्या तासात हेच भाग राखाडी होतात आणि उन्हात पुरते वाळले की पांढुरके. पावसाच्या पाण्यात काही काळा रंग नसतो. मग तो काळेपणा आला कुठून आणि गेला कुठे?

तो कुठून आला नाही आणि कुठे गेलाही नाही. तो प्लॅस्टिकमध्येच आहे, गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसापासून आहे आणि भंगारात जाईल त्या दिवशीही असेल. रंग न दिलेलं प्लॅस्टिक काळं व्हावं म्हणून त्यात काजळी मिसळलेली असते. कारखान्यात तिला कार्बन ब्लॅक म्हणतात. तेल अपुऱ्या हवेत जाळून मिळवलेला हा अतिसूक्ष्म कार्बन. टायर काळे असतात तेही त्याच्यामुळेच. ऊन या काजळीचं काही बिघडवू शकत नाही. बिघडतं ते तिला धरून ठेवणारं प्लॅस्टिक. एवढी एक गोष्ट नीट कळली की दुकानातल्या प्रत्येक बाटलीचा आणि गॅरेजमधल्या प्रत्येक उपायाचा अर्थ लागत जातो, म्हणून पाने-स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी मी ती इथे सविस्तर मांडतो आहे.

मोटरसायकलीवरचं प्लॅस्टिक बहुतेक दोन जातींचं असतं. मडगार्डचा आतला भाग, चेन कव्हर, नंबर प्लेटमागचा पत्रा वाटावा असा तुकडा, असे वाकवले तर वाकणारे भाग साधारणपणे पॉलिप्रॉपिलीनचे. टणक, रंग दिलेली साइड पॅनेलं आणि हेडलाइटचा डोम एबीएसचा. पॉलिप्रॉपिलीनचं वय फार नाही. मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये जूलिओ नात्ता यांनी १९५४ साली ते आजच्या उपयोगी रूपात तयार केलं आणि १९६३ साली कार्ल झीग्लर यांच्यासोबत त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हलकं, स्वस्त, आम्लाला दाद न देणारं, पुन्हा पुन्हा वाकवलं तरी न तुटणारं असं हे द्रव्य. त्याची एक बाजू मात्र दुबळी आहे. त्याच्या लांबलचक रेणुसाखळीत दर दुसऱ्या कार्बनवर एक हायड्रोजन सैलसा बसलेला असतो. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून तो उपटून काढतात. तिथे पेरॉक्साइड तयार होतं, ते फुटताना साखळीही तोडतं, आणि त्या तुटण्यातून निघालेले तुकडे शेजारच्या साखळीवर तोच प्रयोग करतात. साखळ्या आखूड झाल्या की वरचा थर ठिसूळ होतो, आक्रसतो आणि जुन्या गिलाव्याला जातात तसे त्याला तडे जातात. फरक इतकाच की हे तडे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

त्या तड्यांत हवा असते. प्लॅस्टिकचा अपवर्तनांक सुमारे १.४९, हवेचा १. या दोहोंच्या सीमेवर प्रकाश आदळला की त्याचा काही भाग मागे फिरतो, आणि इथे तर अशा लाखो सीमा. आतल्या काजळीपर्यंत पोचून शोषला जाण्याआधीच बराचसा प्रकाश विखरून आपल्या डोळ्यांकडे परततो. आपल्याला दिसणारा पांढुरकेपणा म्हणजे हा विखुरलेला प्रकाश. शिवाय अनेक भागांत ताठपणा यावा म्हणून शंखजिऱ्याची पूड घातलेली असते. वरचं प्लॅस्टिक झिजलं की ती उघडी पडते आणि बोट फिरवलं तर बोटाला पांढरं लागतं. पाऊस आला की तड्यांत पाणी शिरतं. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणजे हवेपेक्षा प्लॅस्टिकच्या कितीतरी जवळचा. सीमा पुसट होतात, प्रकाश आत उतरतो, काजळी तो गिळते आणि गाडी पुन्हा काळी दिसते. सिलिकॉन तेलाचा अपवर्तनांक १.४० च्या आसपास, खोबरेल तेलाचा १.४५. ही तेलं पाण्यापेक्षा चांगलं काम करतात आणि उडून जायला वेळ घेतात, इतकंच. ‘प्लॅस्टिकला पोषण मिळतं’, ‘आतलं तेल परत येतं’ असं बाटल्यांवर लिहिलेलं असतं किंवा गॅरेजमध्ये सांगितलं जातं. त्यात तथ्य नाही. प्लॅस्टिक खात नाही, पीतही नाही. तडे भरले जातात आणि पुन्हा रिकामे होतात.

काजळीचं आणखी एक काम सांगायला हवं, कारण त्यावरून कुठला भाग विकत घ्यावा हे ठरतं. ती अतिनील किरण स्वतः शोषून घेते आणि प्लॅस्टिकला वाचवते. उघड्यावर टाकायच्या काळ्या पाण्याच्या पाइपांत दोन-अडीच टक्के काजळी मुद्दाम याचसाठी असते. चांगल्या कंपनीच्या भागात तिच्या जोडीला प्रकाशापासून जपणारी इतर रसायनंही असतात. ती वर्षानुवर्षं लढत राहतात आणि हळूहळू संपतात. ती किती घातली आहेत हे दुकानात भाग हातात घेऊन कळत नाही. काचेमागे टांगलेला मूळ भाग आणि त्याची हुबेहूब नक्कल दोन्ही सारखेच काळे दिसतात. फरक पडतो तो दोन उन्हाळ्यांनंतर. म्हणून मूळ भाग पांढरा पडला तरी मी तो फेकू नका म्हणतो. त्याचा वरचा अगदी पातळ थर गेलेला असतो, खालचं अंग बहुधा अजून धडधाकट असतं.

आता सांताक्रूझबद्दल. हा विषय मी इथेच बसून लिहावा याला कारण आहे. मुंबईचं हवामान आपण ज्या दोन आकड्यांवरून ओळखतो त्यांतला एक कुलाब्याचा आणि दुसरा सांताक्रूझचा. भारतीय हवामान खात्याची उपनगरातली वेधशाळा इथे आहे. २६ जुलै २००५ ला तिने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. त्याच दिवशी कुलाब्याला ७३ मिलिमीटर पडला होता. तो आकडा मुंबईकर विसरणार नाहीत, पण प्लॅस्टिकच्या आयुष्यात पाऊस ही निम्मीच कथा आहे. उरलेली निम्मी ऑक्टोबरला सुरू होते आणि मेअखेर संपते. आभाळ निरभ्र, ऊन कडक, मार्चमध्येच कधी कधी पारा चाळिशी ओलांडतो. मुंबई एकोणीस अंश अक्षांशावर असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. दुसरी वेळ जुलैअखेरची, तेव्हा ढग असतात. पहिली मात्र १५ मेच्या सुमाराची, आणि त्या दिवसांत दुपारी उभ्या गाडीच्या काळ्या मडगार्डवर हात ठेववत नाही. उष्णतेने वर सांगितलेली तोडफोड आणखी वेगाने होते.

जगभरचे रंगाचे आणि प्लॅस्टिकचे उत्पादक आपला माल उघड्यावर किती टिकतो हे पाहायला नमुने अमेरिकेत दोन ठिकाणी मांडून ठेवतात: दक्षिण फ्लोरिडात, कारण तिथे ऊन आणि दमटपणा एकत्र असतो, आणि ॲरिझोनाच्या वाळवंटात, कारण तिथे कोरडं भाजणारं ऊन असतं. आपल्याकडे या दोन्ही परीक्षा एकाच वर्षात, एकाच पार्किंगमध्ये होतात. आठ महिने ऊन वरचा थर फोडतं, मग चार महिने दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस तो फुटलेला थर धुऊन नेतो आणि पुढच्या उन्हासाठी खालचा ताजा थर उघडा करतो. जुहूकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याला लोक दोष देतात. प्लॅस्टिकच्या बाबतीत तो तितकासा दोषी नाही. तो खातो ते स्क्रू, नट आणि पत्र्याच्या क्लिपा. मात्र पॅनेल काढताना गंजलेला स्क्रू फिरला नाही की माणूस जोर लावतो, आणि तुटतं ते पॅनेलचं लॉक. सांताक्रूझ पश्चिमेला जुन्या गाड्यांची जितकी पॅनेलं मी मोडलेली पाहिली, त्यांतली बहुतेक अपघाताने नव्हे, स्क्रू काढतानाच मोडलेली होती. यासाठी या पुस्तिकेत स्क्रू, गंज उतरवणारं तेल आणि धीर यांवर एक स्वतंत्र प्रकरण ठेवलं आहे.

अजून एक निरीक्षण, जे कुणीही आपल्या गाडीवर ताडून पाहू शकेल. साइड स्टँडवर उभी केलेली मोटरसायकल डावीकडे कलते. त्यामुळे तिची उजवी बाजू किंचित आकाशाकडे वळते. वर्षानुवर्षं त्याच जागी, त्याच तोंडाने, साइड स्टँडवर उभी राहणाऱ्या गाडीच्या दोन अंगांचं वय सारखं नसतं.

हे सगळं आजच का लिहावंसं वाटलं? कारण आपल्याकडे ‘जुनी मोटरसायकल’ हे शब्द उच्चारताच ज्या गाड्या डोळ्यांसमोर येतात त्या लोखंडाच्या आहेत. मद्रासची बुलेट, म्हैसूरची जावा आणि येझ्दी, राजदूत. त्यांचं मडगार्ड पत्र्याचं, टाकी पत्र्याची, चमक क्रोमची. त्यांना पुन्हा उभं करणारी विद्या आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहे. चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारे डेंटर, हाताने सोनेरी रेघ ओढणारे पेंटर, निकल आणि क्रोम चढवून देणारे, झाळकाम करणारे. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० आली आणि जपानी बनावटीबरोबर पॅनेलं प्लॅस्टिकची व्हायला लागली. १९९४ ची स्प्लेंडर, १९९९ ची सीबीझेड, २००१ च्या अखेरीस आलेली बजाजची पल्सर, २००३ ची करिझ्मा, प्रत्येक गाडीबरोबर प्लॅस्टिक वाढत गेलं. पुण्याजवळ चाकणला बनलेल्या पहिल्या पल्सर आज वीस वर्षांच्या वर गेल्या आहेत. महाराष्ट्रातल्या एका सबंध पिढीने पहिल्या पगारावर, पहिल्या हप्त्यावर घेतलेली गाडी म्हातारी होते आहे, आणि तिचं जे म्हातारं होतं आहे ते दुरुस्त करण्याची विद्या अजून घडायची आहे. डेंटरकडे नेलं तर तो हात लावत नाही. मेकॅनिक म्हणतो, ‘काका, हे मेलंय, नवीन टाका.’ बंद झालेल्या मॉडेलचं नवीन मिळत नाही. मग माणूस कालिन्यावरून कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जातो, जिथे मोडीत निघालेल्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात, आणि दुसऱ्या कुणाच्या गाडीचं तितकंच पांढरं पडलेलं मडगार्ड पैसे मोजून घरी आणतो.

कायद्याच्या नजरेने पाहिलं तरी या गाड्यांना अजून लांबचा पल्ला आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. त्यांत पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी व्हिंटेज ठरते. म्हणजे २००१ ची पल्सर तो मान मिळवेल २०५१ मध्ये. तोवर पंधरा वर्षं झाली की एमएच ०२ च्या गाडीला अंधेरीच्या आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, पर्यावरण कर भरावा लागतो. एप्रिल २०२२ मध्ये नूतनीकरणाचं शुल्क मोटरसायकलीसाठी हजार रुपये झालं होतं. हा खर्च करून गाडी ठेवणाऱ्या माणसाला ती गाडी प्रिय असते, आणि नेमक्या त्याच माणसाला बाजार सांगतो की तुझ्या गाडीचं प्लॅस्टिक मेलं. मला हे पटत नाही. लोखंडाच्या गाड्यांना जो आदर आपण देतो तो या गाड्यांनाही मिळायला हवा, आणि आदराची सुरुवात द्रव्य समजून घेण्यापासून होते.

उपायांकडे वळण्याआधी एक तत्त्व. वस्तुसंग्रहालयांत जुन्या वस्तूंचं जतन करणारे लोक एक शिस्त पाळतात: कमीत कमी हस्तक्षेप आधी, आणि शक्यतो असाच उपाय जो पुढे कुणाला काढून टाकता येईल. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन विभागातलं काम असो किंवा जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेतलं, ही शिस्त सगळीकडे तीच. पुस्तिकेतल्या प्रकरणांचा क्रम मी त्यावरूनच लावला आहे. सौम्य उपाय आधी, परतीचा रस्ता बंद करणारे शेवटी.

पहिलं धुणं. पांढरेपणा सगळा उन्हाचाच असतो असं नाही. रंगीत पॅनेल चमकवताना वापरलेलं पॉलिश काळ्या खडबडीत प्लॅस्टिकच्या कणीत अडकतं, वाळतं आणि पांढरे डाग पडतात. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याने धुतलेली गाडी उन्हात वाळली की क्षार तिथेच बसतात. मऊ टूथब्रश, साधा शाम्पू, भरपूर पाणी, आणि क्षारांसाठी पाण्यात पातळ केलेलं व्हिनेगर यांनी यातलं पुष्कळ निघून जातं. मगच खरी हानी किती ते दिसतं. कितीतरी गाड्यांचं काम इथेच संपतं.

मग तेलं. वॉशिंग सेंटरवर शेवटी गाडीवर डिझेलचा हात मारतात आणि ती चकाकते, ते का ते आता सांगायला नको. पण डिझेल रबराला फुगवतं, धूळ धरून ठेवतं आणि डिस्क ब्रेकवर गेलं तर जिवावर बेतू शकतं. पेट्रोल, थिनर आणि ब्रेक ऑइल एबीएसचे शत्रू आहेत. स्क्रूभोवती आधीच ताण असलेल्या जागी ते लागले की पॅनेलला तडा जातो. खोबरेल तेल निरुपद्रवी आहे, पण ते कधी वाळत नाही. सांताक्रूझ पूर्वेला हायवेलगत उभ्या राहणाऱ्या गाडीवर ते लावलं तर दोन दिवसांत त्यावर धुळीचा थर बसतो. जवसाच्या तेलाची गोष्ट वेगळी. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं, त्याचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि तड्यांत महिनोन्‌महिने टिकतो. चित्रकारांना आणि सुतारांना हे शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे. लावायचं ते अगदी थोडं, आणि उरलेलं पुसून घ्यायचं. पण एक गोष्ट मी या पुस्तिकेत पुन्हा पुन्हा लिहिली आहे आणि प्रस्तावनेतही लिहितो. जवसाच्या तेलात भिजलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता सोडतं, चोळामोळा झालेल्या फडक्यात ती कोंडते आणि कुणी काडी न लावता ते पेट घेऊ शकतं. फडकं मोकळ्या हवेत पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. जिथे गाडीचं काम जिन्याखाली, पेट्रोलच्या बाटलीशेजारी चालतं अशा आपल्या इमारतींत ही सूचना प्राण वाचवणारी आहे.

हीट गनबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण सध्या सगळ्यांत जास्त मोह तिचाच पडतो. गरम हवेचा झोत मडगार्डवर फिरवला की डोळ्यांदेखत राखाडी भाग काळा होत जातो. बघणारा थक्क होतो. लोक म्हणतात, आतलं तेल वर आलं. वास्तविक वरचा फुटका थर क्षणभर वितळतो आणि त्यातले तडे बुजतात. पॉलिप्रॉपिलीन १६० ते १६५ अंशांना वितळतं. एबीएस १०५ च्या आसपासच मऊ पडायला लागतं. म्हणजे एकाला जो झोत मानवतो तो दुसऱ्याला वाकडा करतो. आणि तडे बुजले तरी तुटलेल्या साखळ्या जोडल्या जात नाहीत, संपलेली संरक्षक रसायनं परत येत नाहीत. उलट उष्णतेने उरलीसुरली खर्ची पडतात. उन्हात ठेवलेली गाडी पुन्हा पांढरी पडते, आणि या खेपेला आधीपेक्षा लवकर. मोटरसायकलीवर तर हा प्रयोग टाकीपासून हातभर अंतरावर होतो. भाग सुटा करून, गाडीपासून दूर नेऊन, त्यावर लगेच संरक्षक लेप चढवणार असाल तरच हीट गनला अर्थ आहे. गाडीवर जागच्या जागी तिचा वापर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

वॉटर पेपरने घासणं हा उपाय मेलेला थर खरोखर काढून टाकतो, म्हणून प्रामाणिक आहे. पण साच्यातून उतरलेली बारीक कणीही त्याबरोबर जाते आणि ती परत आणता येत नाही. गुळगुळीत भागाला चालेल, खडबडीत भागाला नको. बाजारात मिळणारे सुकणारे लेप, ॲक्रिलिक किंवा सिलिकॉन जातीचे, तड्यांत शिरून घट्ट होतात आणि एखादा पावसाळा निभावतात. मात्र त्याआधी प्लॅस्टिक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलाचा मागमूस काढावा लागतो. ज्या गाडीला आधी वर्षानुवर्षं डिझेल आणि टायर पॉलिश लागलं आहे तिच्यावर लेप धरत नाही आणि लोक लेपाला नावं ठेवतात.

स्प्रे पेंट शेवटचा. इथे द्रव्य ओळखल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. भाग काढून पाठीमागे पाहा. कोनी कंसांत रोमन अक्षरं कोरलेली असतात. एबीएस लिहिलं असेल तर रंग चांगला धरतो. पीपी लिहिलं असेल तर पॉलिप्रॉपिलीन. पुढे टीडी २० असेल तर त्यात वीस टक्के शंखजिरं. पॉलिप्रॉपिलीनला काहीच सहजासहजी चिकटत नाही, फेव्हिक्विकही नाही, रंगही नाही. त्यासाठी खास पीपी प्रायमर लागतो. तो न लावता मारलेला मॅट ब्लॅक पहिल्या पावसात साप कात टाकतो तसा निघतो, आणि मग खालचं मडगार्ड पूर्वीपेक्षा वाईट दिसतं.

मोटरसायकल ही मोटार नव्हे, हे इथेच सांगून टाकतो. मोटारीच्या बंपरला लावायची सिलिकॉनची बाटली दुचाकीवर जपून वापरावी लागते. टायरची जमिनीला टेकणारी बाजू, ब्रेकची डिस्क, ब्रेकचं पेडल, फूटरेस्टचं रबर, हँडलच्या ग्रिपा आणि सीट, या कशालाही त्याचा थेंब लागता कामा नये. फवारा गाडीवर मारू नका, फडक्यावर घ्या. मिलन सबवेतून ओल्या रस्त्याने बाहेर पडताना पाय फूटरेस्टवरून निसटला तर मडगार्ड किती काळं आहे याला काही अर्थ राहत नाही.

सगळ्यांत स्वस्त उपायाला बाटली लागत नाही. सावली. पार्किंगची जागा बदलता येत नसेल तर गाडीचं तोंड महिन्या-दोन महिन्यांनी फिरवता येतं, मेन स्टँडवर उभी करता येते. कव्हर घालायचं तर ते वाऱ्याने घासणार नाही असं बांधावं आणि पावसाळ्यात ओल्या गाडीवर घालू नये, नाहीतर प्लॅस्टिक वाचतं आणि चेन गंजते.

वाकोल्यातल्या आणि खार सबवेपलीकडच्या गॅरेजांमधल्या मिस्त्रींनी मला आपल्या कामात तासन्‌तास बसू दिलं, जुने तुटके भाग घासायला, जाळायला, रंगवायला दिले, आणि माझ्या रसायनशास्त्राच्या गोष्टी ऐकून घेतल्या. पुढच्या पानांतल्या हातोटीच्या सूचना त्यांच्या आहेत. कुठला स्क्रू आधी सैल करायचा, लॉक कुठून दाबायचं, तुटलेल्या एबीएस पॅनेलला मागून जाळी बसवून सोल्डरिंगने कसं जोडायचं, हे सारं त्यांच्याकडून आलं.

हे काम हातात कधी घ्यावं, तर दसऱ्याआधी. गाडीला झेंडूचा हार घालायचाच असतो, धुणंपुसणं व्हायचंच असतं. त्यातही महत्त्वाचं म्हणजे पाऊस ओसरत असतो आणि ऑक्टोबरचं ऊन अजून पेटलेलं नसतं. लेप सुकायला दोन कोरडे दिवस मिळतात आणि पुढचे आठ महिने, ज्यांत खरी हानी होते, ते झाकले जातात. पहिल्या रविवारी फक्त धुवा आणि भाग सुटे करून पाठीमागची अक्षरं वहीत उतरवून घ्या. कुठलं प्रकरण आधी उघडायचं ते त्या यादीवरून ठरेल.